आल्डिनचं नर्सरी प्रिंट, जुनं की रीप्रिंट?

प्रश्न: इकडे इंग्लंडात जुन्या बाजारात सेसिल आल्डिन या इंग्रज चित्रकाराचं, मुलांच्या खोलीत लावायचं रंगीत प्रिंट मिळालं, पिल्लू बुटाची लेस ओढतंय, बघितलं की हसूच येतं, लेकीच्या खोलीत लावायचंय पण १९०० च्या आसपासचं खरं आहे का कसं ओळखू?

– भिंगातून बघ. ठिपके अगदी एकसारखे ओळीत असतील तर बहुधा नंतरचं, लिथो, म्हणजे दगडावर चित्र काढून छापलेलं असेल तर रंगाचे दाणे वेडेवाकडे दिसतात, प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागायचा ना.

– त्याच काळातल्या जॉन हॅसल या चित्रकाराची प्रिंटपण शोधा हो, जाड काळी रेघ, सपाट रंग, अप्रतिम! माझ्याकडच्याच्या कडा पिवळ्या पडल्यात पण मी कापू दिल्या नाहीत.

– बघितलं, वेडेवाकडे दाणेच आहेत!! खूप थँक्स

– मस्तच! फक्त उन्हासमोर नको लावू, रंग उडतात.