बारावीनंतर थ्रीडी अ‍ॅनिमेशन: कुठे घालावं? (बजेट ४ लाख, सगळं धरून)

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. मुलगी यंदा बारावी कॉमर्स झाली. तिला थ्रीडी अ‍ॅनिमेशनच करायचंय. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड आहे. यूट्यूबवर बघून ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये काहीबाही करत बसते, घरचा जुना लॅपटॉप त्यापायी इस्त्रीसारखा तापतो. आम्ही सांगलीत. फी, राहणं, जेवण, कॉम्प्युटर सगळं धरून चार लाखांच्या वर जाता येणार नाही आणि कर्ज काढायचं नाही, हे आधीच सांगते. पुण्याच्या एका इन्स्टिट्यूटमधून रोज फोन येतो, "मॅडम, दोनच सीट उरल्यात." ह्यांचं म्हणणं, बी.कॉम. कर आणि हे छंद म्हणून ठेव. कुणाचा स्वतःचा अनुभव असेल तर कृपया लिहा.

रेंडरराजा
एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) अहमदाबाद. विषय संपला. दुसरा पर्याय आयआयटी मुंबईचं आयडीसी, म्हणजे तिथला डिझाइन विभाग, त्यासाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. कॉमर्सवाल्यांनाही चालते. बाकी सगळी दुकानं आहेत. माझा रूममेट एनआयडीचा होता, आज कुठल्या कुठे आहे. मलाही मिळालं असतं, पण आमच्या वेळी सांगणारं कोणी नव्हतं.

कृष्णाकाठची
धन्यवाद दादा. पण एनआयडीची चार वर्षांची फी आणि हॉस्टेल चार लाखांत बसतं का?

रेंडरराजा
नाही बसत. पण शिक्षणात पैसा बघू नये ताई.

ओकव्हिलकर
इथे कॅनडात, आमच्या ओकव्हिल गावात शेरिडन कॉलेज आहे. अ‍ॅनिमेशनची चार वर्षांची डिग्री, जगात नाव. पोर्टफोलिओवर प्रवेश. माणसांची हालती स्केचेस, एकच पात्र चारी बाजूंनी, असं सगळं मागतात. नुसतं सॉफ्टवेअर येतं म्हणून घेत नाहीत. शेजाऱ्यांची मुलगी तिथेच शिकते. फी परदेशी विद्यार्थ्यांना जास्त आहे, पण कॅनडाचा विचार जरूर करा. थंडीची सवय होते.

पेठेतला
काका, त्या बाई सांगली-पुणे विचारतायत, तुम्ही त्यांना ओंटारिओला नेऊन ठेवलंत.

अंधेरी_स्लो
मी या धंद्यात आहे, म्हणून थोडं सविस्तर.

"अ‍ॅनिमेशन शिकायचं" म्हणजे नक्की काय, हे आधी मुलीला विचारा. पात्र हलवणं वेगळं, मॉडेलिंग (आकार घडवणं) वेगळं, रिगिंग (पात्राला हलवण्यासाठी सांगाडा बसवणं), लायटिंग (प्रकाशयोजना), कंपोझिटिंग (सगळे थर एका चित्रात जोडणं) वेगळं. इन्स्टिट्यूटवाले पहिल्या वर्षात या सगळ्याची एकेक चमचा चव देतात आणि दोन वर्षांनी पोराला एकही नीट येत नाही. मुंबईत फ्रेशरला पहिलं काम बहुतेक रोटो नाहीतर पेंटचं (शॉटमधल्या नको त्या गोष्टी पुसण्याचं) मिळतं. रोटो म्हणजे शॉटमधल्या नटाच्या कडेने फ्रेम-फ्रेमला रेघ ओढून त्याला पार्श्वभूमीपासून सुटा करायचं. सेकंदाला २४ फ्रेम. मी पंधरा हजारांवर लागलो, नाइट शिफ्ट. तिथून वर सरकता येतं, पण स्वतःचं काम घरी करत राहिलं तरच.

कुठेही प्रवेश घेण्याआधी एवढं करा: त्याच शाखेतल्या मुलांच्या शोरील, म्हणजे निवडक कामाचे छोटे व्हिडिओ, मागा. ब्रोशरमध्ये दाखवतात ती देशभरातल्या शाखांतून वेचलेली असतात. शिकवणारा कोण, तो कुठल्या स्टुडिओत होता आणि नेमकं काय करायचा, ते विचारा. पुष्कळ ठिकाणी मागच्या बॅचचाच मुलगा पुढच्या बॅचला शिकवतो. लॅब क्लासच्या वेळेबाहेर वापरायला देतात का, हेही विचारा. आणि "१०० टक्के जॉब असिस्टन्स" म्हणजे तुमचा सीव्ही चार ठिकाणी मेल करणार, एवढंच.

स्पष्टच_बोलतो
एआय आलंय. पाच वर्षांत हा धंदाच राहणार नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलर ग्रुप ही व्हीएफएक्सची (सिनेमातल्या कॉम्प्युटर दृश्यांची) बडी कंपनी कोसळली, बंगळुरूत हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्याआधी २०१३ ला रिदम अँड ह्यूज हा तसलाच स्टुडिओ, ऑस्कर मिळाला त्याच महिन्यात दिवाळखोरीत. मुलीला सीए करा.

अंधेरी_स्लो
टेक्निकलरचं खरं आहे, माझे मित्र होते तिथे. रोटोवर एआयचा घाव पडतोय हेही खरं. पण ब्लेंडर फुकट आहे आणि त्यातच लॅटव्हियातल्या लहानशा टीमने केलेल्या 'फ्लो' या सिनेमाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं, तेही बघा ना. सीएचा निकाल किती टक्के लागतो ते तुम्हीच सांगा.

स्पष्टच_बोलतो
माझा भाचा पहिल्या झटक्यात सीए झाला.

चित्रकलासर
मी कला शिक्षक, आता निवृत्त. ताई, मुलीचा हात चांगला असेल तर बीएफए उपयोजित कला हा रस्ता कुणी सांगत का नाही? मुंबईचं जे. जे., पुण्याचं अभिनव, शिवाय इतर कॉलेजं आहेत. राज्याची कलेची सीईटी असते. अ‍ॅनिमेशनमध्ये शेवटी टायमिंग आणि वजन दिसायला लागतं. चेंडू उडवून दाखव म्हटलं की निम्मी मुलं गडबडतात, चेंडू रबराचा की लोखंडाचा तेच कळत नाही. हे चित्र काढून येतं, बटणं दाबून नाही. इंटरमिजिएटची ए ग्रेड म्हणजे पाया पक्का आहे.

रेंडरराजा
सर, आदरपूर्वक, ग्रेड परीक्षेत सुरई आणि दोन फळं काढायची असतात. त्याचा कॅरेक्टर अ‍ॅनिमेशनशी काय संबंध?

चित्रकलासर
स्मरणचित्रही असतं. त्यात माणसं असतात.

रेंडरराजा
सगळे जत्राच काढतात, पाठ केलेली.

चित्रकलासर
तुम्हाला कितवी ग्रेड होती?

पेठेतला
😂

पिंपरीची_आई
कृष्णाकाठची ताई, इकडे नीट लक्ष द्या. माझ्या मुलाला एका नावाजलेल्या साखळीतल्या शाखेत घातलं होतं, नाव घेत नाही. फी सांगितली एक, पावतीवर १८ टक्के जीएसटी वेगळा. विद्यापीठाची डिग्री नसलेल्या खासगी कोर्सला तो लागतो, पण फोनवर कुणी सांगत नाही. "हप्ते आहेत मॅडम" म्हणून सह्या घेतल्या, ते हप्ते नव्हते, फायनान्स कंपनीचं कर्ज होतं. मधेच सर सोडून गेले, क्लास ऑनलाइन झाला, मुलाने सोडला. हप्ते मात्र शेवटपर्यंत आमच्या खात्यातून जात राहिले, कारण कंपनीने इन्स्टिट्यूटला पैसे आधीच देऊन टाकले होते. तुम्ही कर्ज नको म्हणताय, तर कागदावर "लोन" शब्द आहे का ते चष्मा लावून वाचा. आणि ते दोन सीटवाले... आम्हालाही दोनच उरल्या होत्या.

मॅकवाला_नितीन
कोर्स कुठलाही करा, लॅपटॉप मॅकबुक प्रो घ्या. मी गेली कित्येक वर्षं वापरतोय, एकदाही हँग नाही.

अंधेरी_स्लो
नितीनशेठ, बजेट चार लाख, त्यात दोन लाखांचा लॅपटॉप? डेस्कटॉप जोडून घ्या ताई. ३२ जीबी रॅम, एनव्हीडियाचं ग्राफिक्स कार्ड, त्यात १२ जीबीचं ३०६० मॉडेल मिळालं तर ब्लेंडरला पुष्कळ झालं. कार्डाच्या नंबरपेक्षा त्याची मेमरी बघा, सीन मोठा झाला की तीच आधी संपते. माया हे दुसरं थ्रीडी सॉफ्टवेअर शिकायचं असेल तर विद्यार्थ्यांना ते ऑटोडेस्क कंपनी फुकट देते, दरवर्षी नूतनीकरण करायचं. क्रॅक टाकू नका.

मॅकवाला_नितीन
एकदा घेतला की दहा वर्षं बघायला नको.

सह्याद्री_२०१२
धागा पूर्ण वाचला नाही, पण एनआयडीचा विचार केलाय का? अहमदाबादला आहे.

चित्रकलासर
एक राहिलं. २०२४-२५ पासून राज्य सरकारने मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत फीमाफी दिली आहे. ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि प्रवेश सरकारी प्रक्रियेतून, अशा अटी आहेत. बसत असाल तर बीएफएला लागू होतं का ते कॉलेजात विचारून घ्या. खासगी डिप्लोमाला मिळणार नाही. यासाठी तरी सीईटीचा फॉर्म भरून ठेवा.

पेठेतला
सर, ही बातमी ग्रेड परीक्षेच्या वादाआधी सांगायची होतीत. पुण्यात खोलीभाडं आणि मेस मिळून वर्षाला लाखाच्या पुढे जातं, हे मीही सांगून ठेवतो. माझ्या चुलतभावाची मुलगी कोथरूडला चौघींत राहते, तरी तेवढं होतं.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. ओकव्हिलकर काकांचेही 🙏

सर, फॉर्मची तारीख उलटून गेली. पिंपरीच्या ताईंनी लिहिलेलं ह्यांना वाचून दाखवलं, ह्यांनी लगेच पुण्याचा नंबर ब्लॉक केला. पुढच्या वर्षी सीईटीचं बघू म्हटलं, तर कन्या "वर्ष वाया घालवणार नाही" म्हणून अडून बसली.

शेवटी असं ठरलंय. मुक्त विद्यापीठातून बी.कॉम., म्हणजे ह्यांचं समाधान. आणि इथेच विश्रामबागला एक गृहस्थ संध्याकाळी क्लास घेतात, तिकडे तिला घातलंय. मुंबईत लायटिंगचं काम करायचे, आईवडिलांसाठी परत आले. मोजकीच मुलं आहेत. फी महिन्याच्या महिन्याला, सोडायचं असेल त्या महिन्यात सोडा म्हणाले. अंधेरी_स्लो यांनी सांगितल्याप्रमाणे मुलांची कामं दाखवा म्हटलं, तर त्यांनी चांगली आणि वाईट दोन्ही दाखवली. सर्टिफिकेट काही नाही. उरलेल्या पैशांतून डेस्कटॉप.

रेंडरराजा
सर्टिफिकेटसुद्धा नाही?? मग एवढा धागा काढला कशाला? एनआयडीची परीक्षा तरी द्यायला लावायची.

स्पष्टच_बोलतो
बी.कॉम. करतेय ना, मग सीए फाउंडेशनचा फॉर्म भरून टाका सोबत.

अंधेरी_स्लो
स्टुडिओत सर्टिफिकेट कुणी बघत नाही, मिनिटभराची रील बघतात, तीही पहिले दहा सेकंद. पण ते सर लायटिंगवाले आहेत आणि मुलीला पात्रं हलवायची असतील, तर वर्षभराने ते कमी पडतील. तेव्हा ऑनलाइन वेगळं काहीतरी शोधावं लागेल, त्याचे पैसे आत्ताच बाजूला ठेवा. आणि तिला उद्यापासून चेंडू करायला लावा. सरांचं तेवढं बरोबर आहे.

रेंडरराजा
सरांचं "तेवढंच" बरोबर आहे.

कृष्णाकाठची
ठेवते बाजूला. अजून एक विचारायचं होतं, पेन टॅब्लेट कुठला घ्यावा? पाच हजारांच्या आत.

मॅकवाला_नितीन
आयपॅड प्रो.

पिंपरीची_आई
ताई, मुलाचा वॅकॉम पडून आहे घरी. निब झिजलीय, बाकी चालू आहे. पैसे नकोत, व्यनि करते.