मदत हवी आहे: नवा मिक्सर सदोष, दुकानदार म्हणतो ‘सर्व्हिस सेंटरला जा’

कोपरा:
दुकानातून मिक्सर घेऊन ११ दिवस झाले. लहान भांडं निम्मं भरलं तरी पाऊण मिनिटात बंद पडतो. तळाचं लाल (ओव्हरलोड) बटण दाबलं की थोड्या वेळाने चालू, पुन्हा तेच. दुकानदार म्हणतो, ‘आमचं काम विकायचं, पुढचं कंपनी बघेल.’ बिलावर शिक्का आहे: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ खोका टाकून दिलाय. बदलून किंवा पैसे परत मिळतील का? जाणकारांनी कृपया सांगावे.

शाईपेन:
त्या शिक्क्याला घाबरू नका. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९, कलम २(४७) वाचा. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे परत द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस. तुमच्या शिक्क्यात मुदतच नाही, म्हणजे ३० दिवस धरा. अजून १९ हातात आहेत.

मात्र हे फक्त सदोष मालाला. रंग आवडला नाही, घरी आधीच एक होता, अशा कारणांसाठी दुकानदाराने परत घ्यावं अशी सक्ती नाही. दोन्ही गोष्टींची गल्लत करून लोक दुकानात भांडतात आणि हरतात.

तराजू:
वरच्या प्रतिसादात एक भर. ३० दिवस उलटले म्हणजे हक्क संपला असं नाही. दोषाबद्दल ग्राहक आयोगाकडे (ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणारी यंत्रणा) तक्रार करायला कारण घडल्यापासून २ वर्षं आहेत (कलम ६९). पण पहिल्या महिन्यातली लेखी मागणी हातात असली की बाजू कितीतरी भक्कम होते. म्हणून आजच दुकानदाराला लिहा. तोंडी बोलणं आणि फोन यांना नंतर कोणी विचारत नाही. व्हॉट्सॲप किंवा ईमेल करा, शिवाय स्पीड पोस्टाने पत्र पाठवून पोच जपून ठेवा. मजकूर चार ओळींचा पुरे: बिल क्रमांक व तारीख, मॉडेल आणि सीरियल नंबर, नेमका दोष, ‘बदलून द्या अथवा रक्कम परत करा’, उत्तरासाठी ७ दिवस. ‘फसवणूक’, ‘चोर’ असले शब्द नकोत.

खोका नसला तरी बिघडत नाही. खोक्याअभावी दोष नाहीसा होत नाही. बिलच नसेल तर यूपीआयची नोंद, कार्डाचं स्टेटमेंट, शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड चालतं. मागूनही बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच.

कोपरा:
धन्यवाद! उद्या सर्व्हिस सेंटरचा माणूस येतोय. त्याला येऊ द्यावं की नको?

तराजू:
येऊ द्या. नाही म्हटलंत तर ‘ग्राहकाने तपासूच दिलं नाही’ अशी नोंद होईल. पण तो येण्याआधी एक व्हिडिओ काढा. भांड्यात निम्म्यापर्यंत नुसतं पाणी घ्या आणि चालवा. तळाच्या पट्टीवर सलग किती मिनिटं चालवायचं ते छापलेलं असतं, त्या मर्यादेतच. तरीही बंद पडला तर ‘जाड वाटण घातलं, चुकीचा वापर’ हा त्यांचा हुकमी बचाव संपला. दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवरही एकदा चालवून दाखवा, म्हणजे वायरिंगवर खापर फुटणार नाही. चित्रण मध्ये न कापता एकसलग हवं, त्यात सीरियल नंबर दिसू द्या.

जॉबशीटची (तक्रार आणि तपासणी नोंदवायचा त्याचा कागद) प्रत घेतल्याशिवाय त्याला सोडू नका. तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा. ‘तपासले, ठीक आहे’ असं लिहिलं असेल तर सही करण्याआधी शेजारी ‘दोष कायम, मान्य नाही’ असं लिहा. सगळ्यात जास्त केसेस इथेच बिघडतात: घाईत ‘समाधानकारक’वर सही होते. आणि कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडून तळ उघडून घेऊ नका. सील तुटलं की वॉरंटीचा वाद वेगळाच सुरू होतो.

शाईपेन:
दुरुस्ती मान्य केलीत तरी ‘बदलून मागण्याचा हक्क राखून’ असं लिहून द्या.

७ दिवसांत दाद लागली नाही तर १९१५ ला फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ते कंपनीशी बोलतात, बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं, पण त्यांचं म्हणणं कोणावर बंधनकारक नाही. त्यानंतर जिल्हा आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते, दुकानाच्या जिल्ह्यात जायची गरज नाही. ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन दाखल करता येते. दुकानदार आणि उत्पादक दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. एकालाच केलंत तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

तराजू:
दोष चाचणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तिथली फी आधी तक्रारदाराला भरावी लागते. निकालाचं कायद्यातलं उद्दिष्ट ३ महिने, चाचणी असेल तर ५. प्रत्यक्षात जास्त लागतात, तेव्हा तोवर मिक्सर वापरू नका, दुरुस्त करू नका, विकू नका. मागण्यांत दोष काढणं, बदलून देणं, व्याजासह रक्कम आणि नुकसानभरपाई असे पर्याय लिहा. यातलं काय द्यायचं ते आयोग ठरवतो.

कोपरा:
पत्राचा मसुदा तयार केला. ‘बंद पडतो’ऐवजी ‘निम्मं पाणी घेऊन ४० सेकंदांत ओव्हरलोड बटण उडतं’ असं लिहिलंय. चालेल?

तराजू:
उत्तम. फक्त किती वेळा करून पाहिलं ते आकड्यात आणि तारखांसकट टाका.