मदत हवी आहे: खालच्या कडेवर कर्सर नेला की कार्ड थरथरतं

नमस्कार मंडळी,

एका साइटसाठी कार्डांची ग्रिड केली आहे. माउस कार्डावर आला की ते सीएसएसच्या (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) ट्रान्सफॉर्म नियमाने ८ पिक्सेल वर उचललं जातं, सावली गडद होते आणि बाणाच्या जागी हात दिसतो. मधोमध सगळं छान. पण कर्सर अगदी खालच्या कडेवर थांबला की कार्ड वर-खाली थरथरायला लागतं आणि कर्सरही हात-बाण, हात-बाण करत राहतो. माउस मी हलवतसुद्धा नसतो.

ट्रान्झिशन (बदल व्हायला लागणारा वेळ) १५० वरून ३०० मिलिसेकंद केलं, तर थरथर मंदावली, थांबली नाही. झेड-इंडेक्स (कोणता थर वर दिसेल ते) बदलून काही उपयोग झाला नाही. नुसती सावली ठेवली तर त्रास संपतो, पण कार्ड उचललं गेलं की ‘इथे क्लिक करता येतं’ हे चटकन कळतं, ते मला मनापासून हवं आहे.

शिवाय बंद बटणावर मनाईचा कर्सर यावा म्हणून ‘नॉट-अलाउड’ दिलंय, तरी बाणच दिसतो. त्याच बटणाला ‘पॉइंटर-इव्हेंट्स: नन’ आहे. त्यामुळे होत असेल का?

उत्तर:
हो, त्यामुळेच. ‘नन’ दिलं की माउसच्या लेखी ते बटण तिथे नसतंच, मागच्या एलिमेंटचा कर्सर दिसतो. ती ओळ काढा, बटण बंद ठेवायला ‘डिसेबल्ड’ पुरेसं आहे.

आता कार्ड. ते वर सरकलं की कर्सरखालची जागा मोकळी होते, होव्हर (कर्सर वर असल्याची स्थिती) सुटतो, कार्ड खाली येतं आणि पुन्हा कर्सरखाली सापडतं. हेच चक्र चालू राहतं. जे हलतं त्याच्यावरच होव्हर ठेवू नका. बाहेर न हलणारं एक आवरण घ्या, होव्हरचा नियम त्याला लावा आणि ट्रान्सफॉर्म आतल्या कार्डाला द्या. लिंकचा टॅगच आवरण करा, नाहीतर तळाच्या त्या ८ पिक्सेलांत बाण दिसेल आणि क्लिकही वाया जाईल. कीबोर्डवाल्यांसाठी हाच परिणाम ‘फोकस-व्हिजिबल’लाही (कीबोर्डने लिंकवर आल्याची स्थिती) द्या, हे बहुतेक जण विसरतात.

धागाकर्ता:
खूप आभार! लिंक बाहेर घेतली आणि थरथर गेली. फोनवर मात्र टॅप केलेलं कार्ड उचललेलंच राहतंय. त्याला काय करू?

उत्तर:
होव्हरचे नियम ‘होव्हर: होव्हर’ या मीडिया क्वेरीत (उपकरण पाहून नियम लावणाऱ्या अटीत) टाका. मग टचच्या बहुतेक फोनवर ते लागूच होणार नाहीत.