तांब्याच्या भांड्यांच्या व्हिडिओसाठी स्वस्तातली एलईडी ट्यूब: ठेवू की परत करू?

तांबट_गल्ली
नमस्कार मंडळी. नाशिकच्या भांडी बाजारात आमचं तांब्या-पितळेचं दुकान आहे, जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर. ऊन आत येतं ते सकाळी जेमतेम अर्धा तास, बाकी दिवसभर दिवे. सिंहस्थ जवळ आलाय, त्यामुळे बाहेरगावची गिऱ्हाइकं रोज व्हॉट्सॲपवर व्हिडिओ मागतात. "हंडा फिरवून दाखवा, मठार जवळून दाखवा." (मठार म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची नक्षी.) गेल्या महिन्यात पुण्याच्या एका ताईंना तांब्याचं घंगाळ पाठवलं. हातात पडल्यावर त्यांचा फोन आला: "व्हिडिओत पिवळसर दिसत होतं हो, हे तर लाल आहे." वडिलांना ते फार लागलं. माल अस्सल असून आम्हीच तो चुकीचा दाखवला.

म्हणून व्हिडिओसाठीची दोन फुटी आरजीबी (लाल, हिरवा, निळा रंगीत उजेडही देणारी) ट्यूब आणली. आत बॅटरी आहे, किंमत चार हजारांच्या आत, खोक्यावर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९५ लिहिलंय. दुकानदाराने चार दिवसांत बदलून देतो म्हटलंय, त्यातले दोन गेले.

चांगलं आधी सांगतो. बल्ब लावला की हंड्याच्या पोटावर एक पांढरा ठिपका चमकतो आणि बाकी सगळं काळपट राहतं. हीच ट्यूब बाजूला उभी धरली तर गळ्यापासून बुडापर्यंत उजेडाची एक सलग रेघ उतरते, हंड्याची गोलाई लगेच कळते. मठारलेल्या कळशीवर तर प्रत्येक ठोक्याच्या खळग्यात ती रेघ वेगळी उमटते. वडिलांनी तीस-चाळीस वर्षं हातोडी चालवली आहे. स्क्रीनवर ते पाहून त्यांनी चष्मा पुसला आणि परत पाहिलं.

आता अडचणी. तांबं अजूनही फिकट, पिवळट येतं. तांब्याचा गडू आणि पितळेचा गडू शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक कळतो, मोबाइलला तितका कळत नाही. उजेड १० टक्क्यांवर आणून स्लो मोशन घेतलं की आडवे पट्टे सरकतात. आणि आरशासारखं पॉलिश केलेल्या कलशात ट्यूबच्या आतले एलईडीचे दाणे चक्क मोजता येतात. ठेवू की बदलून घेऊ?

पंचवटी_कॅमेरा
दादा, मी लग्नाचे व्हिडिओ करतो, कुंकवाच्या आणि शालूच्या लाल रंगाने मलाही बरंच रडवलंय.

खोक्यावरचा सीआरआय म्हणजे ८ फिकट रंगांच्या नमुन्यांची सरासरी. गडद लाल त्यात धरतच नाहीत, त्याचा आकडा वेगळा असतो, आर-९. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळी चिप आणि तिच्यावर पिवळट उजेड देणारा फॉस्फरचा लेप. त्यात लालचा भरणा कमी पडला तरी सरासरी छान दिसू शकते. तांबं तर लालच जास्त परतवतं. उजेडातच लाल नसेल तर परतवणार काय? नंतर एडिटिंगमध्ये लाल वाढवलात तर तुमचे हातही लाल होतील आणि पितळही. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने २०१२ मध्ये कॅमेऱ्याला रंग किती खरे दिसतील त्याचं टीएलसीआय हे माप आणलं. दुकानदाराकडे आर-९ आणि टीएलसीआय दोन्ही मागा. आकडा देत नसतील तर गडू घेऊन जा आणि समोर तपासा.

त्याआधी दोन गोष्टी बघा. ट्यूब पांढऱ्या उजेडाच्या सीसीटी मोडवर आहे ना? काही ट्यूबमध्ये आरजीबी मोडमधला पांढरा फक्त लाल, हिरवा, निळा मिसळून बनतो, तो रंगांना फार वाईट. आणि मोबाइलचा व्हाइट बॅलन्स (पांढरं कशाला धरायचं ती सेटिंग) कोरा कागद समोर धरून लॉक करा. ऑटोवर ठेवलात तर दर शॉटला तांबं बदलेल.

पट्ट्यांचं कारण मंद करण्याची पद्धत. बऱ्याच स्वस्त ट्यूब उजेड कमी करत नाहीत, भराभर चालू-बंद होतात. शटर (एका फ्रेमला उजेड घेण्याचा वेळ) १/१००० सेकंद ठेवून १००, ५० आणि १० टक्क्यांवर बघा. १०० वर पट्टे नसतील तर तिथेच वापरा.

सिन्नरकर
एवढा खर्च कशाला? इलेक्ट्रिकच्या दुकानातली चार फुटी ट्यूब लावा, २०-२२ वॅट, वर बटर पेपर. आमच्या किराणा दुकानाचे व्हिडिओ मी त्यातच काढतो.

पंचवटी_कॅमेरा
किराण्याला चालेल, तांब्याला नाही. घरच्या ट्यूबमध्ये आर-९ बहुधा अगदीच कमी असतो. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या ड्रायव्हरची (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटची) ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम घेताना १/६० शटर धरतो आणि पट्टे दिसतात. वापरायचीच असेल तर २५ फ्रेम, १/५०. पण बटर पेपर पटला, कलशातले दाणे घालवायला तोच उपाय. ट्यूबला गुंडाळू नका, चार-सहा इंच पुढे ताणून धरा, म्हणजे रेघेच्या कडा मऊ होतील.

अजून एक. रेघ फार झगझगीत वाटली म्हणून ट्यूब लांब नेऊ नका. चकचकीत धातूत ट्यूबचं प्रतिबिंब दिसतं. लांब नेलं की ते बारीक होतं, झगझग तेवढीच राहते, आणि आजूबाजूचा उजेड मात्र कमी होतो.

तांबट_गल्ली
काल दोन्ही गडू पिशवीत घालून दुकानात गेलो. मोड सीसीटीच होता, तिथे चूक नव्हती. दाराशी दिवसाच्या उजेडात एक शॉट, आत माझ्या ट्यूबखाली एक, व्हाइट बॅलन्स दोन्ही वेळा कागदावर लॉक करून. आतल्या शॉटमध्ये तांब्याचा गडू बघून दुकानदारच म्हणाले, "पितळ आहे ना हे?"

त्यांच्याकडे रंगीत उजेड नसलेली, फक्त पिवळा ते पांढरा देणारी दुसरी ट्यूब होती. आतल्या पत्रकात आर-९ छापलेला होता, ९० च्या वर. तिच्याखाली तांबं लालसर गुलाबी आलं, दाराशी होतं जवळपास तसं. नऊशे रुपये वर देऊन ती घेतली. लाल-निळ्या उजेडाची मला गरजही नव्हती. १० टक्क्यांवर हिच्यातही बारीक पट्टे आहेत, म्हणून १०० वरच ठेवतो. बॅटरी पूर्ण उजेडात तासभर पुरते, दुकानात प्लग आहेच.

बटर पेपर लाकडी चौकटीला ताणून लावला. दाणे गेले. आता कलशात मी आणि मोबाइलचा स्टँड दिसतो, त्यावर काळं कापड मधोमध भोक पाडून लावायचा विचार आहे. कोणी केलंय का? कापड सुती घ्यावं की मखमली?

पंचवटी_कॅमेरा
मखमली. सुती काळं कापड उजेडात करडं दिसतं. आणि तुम्हीही काळा शर्ट घाला.

तांबट_गल्ली
आभारी आहे दादा. पुण्याच्या ताईंना त्याच मापाच्या दुसऱ्या घंगाळाचा व्हिडिओ नव्या ट्यूबखाली काढून पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "हो, माझं असंच आहे." वडिलांना तो मेसेज वाचून दाखवला.