मदत हवी आहे: रंगाच्या पाण्यातली टायटॅनियमची पूड परत कशी काढायची?

नमस्कार मंडळी. येवल्यात आमचं रेशीम रंगवायचं छोटं युनिट आहे. सांडपाणी सध्या ॲक्टिव्हेटेड कार्बनमधून काढतो, पण त्यात रंग पाण्यातून कार्बनमध्ये जातो एवढंच. पुढे त्या कार्बनचं करायचं काय? म्हणून टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड, जी उन्हात रंग मोडून टाकते, ती वापरून पाहतोय. पातळ केलेलं गुलाबी पाणी पसरट ट्रेमध्ये गच्चीवर ठेवलं, दुपारनंतर जवळजवळ नितळ. पूड न टाकलेला ट्रे तसाच गुलाबी.

अडचण खऱ्या सांडपाण्याची. ते इतकं गडद की ऊन तळापर्यंत पोचतच नाही, वर साबण आणि मीठ. त्यात ही पूड साधारण ३८८ नॅनोमीटरच्या आतलाच, म्हणजे अतिनील, प्रकाश घेते, आणि उन्हात अतिनील भाग जेमतेम ४-५ टक्के. शिवाय ती खाली बसायचं नाव घेत नाही, पाणी ताकासारखं पांढरं राहतं.

अंबड-सातपूरकडे कुणी ती काचेवर पक्की बसवून वापरली आहे का? किती टिकते? झिंक ऑक्साइड कृपया सुचवू नका, आमच्या आम्लधर्मी पाण्यात ते विरघळतं. आणि रंग गेला म्हणजे सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) उतरला असं नव्हे. तो नाशिकमध्ये थोड्या नमुन्यांसाठी कुठे तपासून मिळेल?