घोडी अंगाने भरायची आहे, तापवायची नाही: चंदी (दाण्याचा खुराक) तोडून तेल-चारा वाढवावा का?

तापीकाठ
सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून गेल्या दत्तजयंतीला मारवाडी घोडी घेतली. सहा वर्षांची, चाल सुंदर, पण बरगड्या मोजून घ्याव्यात अशी अवस्था. जाणत्यांच्या सल्ल्याने खुराक लावला: रोज दोन किलो हरभरा (कोरडा मोजून, मग भिजवून), एक किलो जवाचा भरडा आणि गूळ, दोन वेळच्या तोबऱ्यांत विभागून. वैरणीला नेपिअर आणि थोडा कडबा. अंग भरलं, पण आता प्लास्टिकची पिशवी उडाली तरी बुजते, मांड टाकली की उसळते. चंदी कमी केली की पुन्हा बरगड्या.

माझं मत असं झालंय की घोडा भरायचा म्हणजे दाणा वाढवायचा, ही आपली सवयच चुकीची आहे. दाणा निम्म्यावर आणावा, गूळ बंद करावा आणि ती ऊर्जा लसूणघास आणि तेलातून द्यावी. इथले घोडेवाले मला वेड्यात काढताहेत. विरोधी मतं मोकळेपणाने मांडा.

जुना मोतद्दार
मोकळेपणाने सांगतो. बाजारात उभा असलेला उपाशी घोडा गरीबच दिसतो. तुम्ही बघितलं ते तिचं अशक्तपण, स्वभाव नव्हे. पोटात दोन घास गेले, अंगात रक्त आलं, आता खरी घोडी समोर आली. त्याचा दोष हरभऱ्याला का? मराठ्यांच्या पागांत पिढ्यान् पिढ्या हरभराच खाऊ घातला गेला.

आणि एवढा सगळा खुराक लिहिलात, पण काम किती घेता ते लिहिलंच नाहीत.

तापीकाठ
काका, आठवड्यातून तीन-चार दिवस तासभर रपेट. बाकी वेळ ठाणावर बांधलेली.

जुना मोतद्दार
मग संपलं! माथेरानला मोटारी चालत नाहीत, तिथला घोडा दिवसभर माणसं घेऊन चढ-उतार करतो. तो चंदी खाऊनही रस्त्यात डुलक्या काढतो. तुमची घोडी पगार पूर्ण घेते आणि काम चार तासांचं करते. तेल कसलं पाजता, रोज दोन तास घाम काढा.

पशुवैद्य विदर्भ
काकांचं कामाबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, हरभऱ्याबद्दलचं अर्धवट. पागेतला घोडा कोसन् कोस मजल मारायचा, हा तासभर चालतो. पण गणित करू. छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी सेंटीमीटरमध्ये सांगा.

तापीकाठ
घेर 166, लांबी 152.

पशुवैद्य विदर्भ
घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 11,880. म्हणजे साधारण 350 किलोची घोडी. एका वेळच्या दाण्यातून किलो वजनामागे एक ग्रॅमच्या आसपासच पिष्ट (स्टार्च) जावं, म्हणजे हिला 350 ग्रॅम. हरभऱ्यात पिष्ट साधारण 40 टक्के, जवात 55 च्या घरात. तुमच्या एका तोबऱ्यात पावणेसातशे ग्रॅम होतंय, जवळजवळ दुप्पट.

घोड्याचं जठर लहान असतं. लहान आतड्यात न पचलेलं पिष्ट मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं, आम्ल वाढतं. तिथून पोटशूळ आणि खुरांची सूज फार लांब नसते. पिष्टाने रक्तातली साखर झपाट्याने चढते-उतरते, आणि बरेच घोडे अशा खुराकावर जास्त बुजतात. त्याच मापाची ऊर्जा चारा आणि तेलातून दिली तर तुलनेने शांत राहतात. तेव्हा धागाकर्त्याचा अंदाज वेडगळ नाही.

जुना मोतद्दार
डॉक्टर, ग्रॅम मोजून घोडे पाळले असते तर आमच्या बापजाद्यांनी तराजूच विकले असते. ऊर्जा ती ऊर्जा. तेलाची चढणार नाही आणि हरभऱ्याची चढेल, असं घोडीला कोण समजावणार?

पशुवैद्य विदर्भ
चढेल ना, जास्त झाली तर तेलाचीही चढेल. फरक आहे तो किती झपाट्याने चढते त्यात.

वरातीचा राजा
आमच्याकडे उलटं गिऱ्हाईक. वरातीत नाचायला घोडा तापलेलाच लागतो, म्हणून गूळ-हरभरा सोडत नाही. तुम्ही थंड करायच्या मागे लागलात याची गंमत वाटते. पण हेही सांगतो, आमच्यातलेच दोन-तीन घोडे दरवर्षी हंगामात पोटाने आडवे होतात आणि सगळे नजर लागली म्हणतात.

पुणे रपेट
एवढी डोकेफोड कशाला? शांत करणारी तयार पावडर मिळते, मॅग्नेशियम आणि जडीबुटीची. आमच्या क्लबातले अर्धे लोक वापरतात. महाग आहे, पण घोडा डोक्याने बरा राहतो.

पशुवैद्य विदर्भ
अंगात मॅग्नेशियम कमी असेल तर उपयोग होईल, आणि बऱ्यापैकी चारा खाणाऱ्या घोड्यात ते सहसा कमी नसतं. जडीबुटीत व्हॅलेरियन असेल तर स्पर्धेत उतरणाऱ्यांनी सांभाळा, त्यातला घटक एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या) बंदी यादीत आहे. डबा घेण्याआधी दात आणि जंत तपासा. दातांना धार आली असेल तर दाणा अर्धा चावलेला लिदीत दिसतो, आणि मालक खुराक वाढवत बसतो. ठाणावर उपाशी उभ्या राहणाऱ्या घोड्यांना जठरात व्रणही होतात. खोगिराचा पट्टा पोटाला कसताना चावायला येणारी, खोगीर बघून कान पाडणारी घोडी 'तापट' नसून दुखणाईत असू शकते.

तापीकाठ
पोट कसताना कान पाडते खरी. मला तो नखरा वाटायचा.

पशुवैद्य विदर्भ
मग आधी डॉक्टरला दाखवा. चाऱ्याचं म्हणाल तर नेपिअर पूर्ण बंद केलं तरी चालेल. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, गाईला ते झेपतं, घोड्याच्या हाडांना नाही. लसूणघासात कॅल्शियम भरपूर, ती जठरातलं आम्लही शमवते. वाळलेला चारा वजनाच्या दीड टक्क्याखाली नको, म्हणजे हिला सव्वापाच किलो किमान. भरायची आहे, तर सात द्या. कडबा चालेल. कोवळी हिरवी ज्वारी मात्र नको, तिने घोड्याचे मागचे पाय लुळे पडून लघवीचा ताबा जाऊ शकतो. आणि चंदी परवडत नाही म्हणून गुरांचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्य कुणी देत असेल तर हात जोडतो: त्यात मोनेन्सिन (गुरा-कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते औषध) असलं तर घोड्याचं हृदय जातं.

तेल 50 मिलीपासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत 300 पर्यंत न्या. तेवढ्यात पाऊण किलो जवाची ऊर्जा येते. हरभरा पाऊण किलो, दोन वेळांत. खडे मीठ समोर ठेवा.

जुना मोतद्दार
तेलापेक्षा तूप द्या की. आमच्या आजोबांनी तुपावरच घोडे चकचकीत ठेवले.

पशुवैद्य विदर्भ
घोडे वनस्पती तेल तुपापेक्षा सहज खातात आणि खिशालाही सोसतं. उकळवलेल्या तळणाच्या तेलाचा मोह मात्र टाळा.

वरातीचा राजा
तेलाचा वास आला की माझा घोडा तोबऱ्याला तोंड लावत नाही. त्याला काय?

पशुवैद्य विदर्भ
थोड्या भिजवलेल्या गव्हाच्या कोंड्यात कालवा. फक्त थोड्या. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमपेक्षा कितीतरी पट जास्त, रोज पाटीभर घालून काही उपयोग नाही.

जुना मोतद्दार
घाला तेल, घाला लसूणघास, मी पैज लावतो: घोडी ठाणावरच उभी राहिली तर पोळ्यापर्यंत पुन्हा इथेच लिहाल. आजूबाजूला एखादं पडीक रान असेल तर तिथे दिवसभर सोडा.

तापीकाठ
रान आहे, कुंपण नाही. या आठवड्यात तारा ओढतो. दात आणि व्रण दोन्ही तपासायला शहाद्याहून डॉक्टर बोलावतो. तोवर हरभरा एकदम तोडत नाही, हळूहळू उतरवतो. पैज मान्य, काका, पण पैसे नाही लावत. हरलो तर पुढच्या दत्तजयंतीला बाजारात जेवण माझ्याकडून.