युरो गेममध्ये भांडणच नाही, मग मजा कसली?

पटवेडा
बोर्डगेममध्ये जर्मन वळणाच्या युरो गेमचं, म्हणजे लढाईपेक्षा साधनं जमवून गुण मिळवायच्या खेळांचं, एवढं कौतुक का होतं, मला उमगत नाही. उवे रोझेनबर्गचा अ‍ॅग्रिकोला (2007) घ्या. जो तो आपापल्या पटावर शेत नांगरतो, मेंढ्या राखतो, 14 फेऱ्या झाल्या की गुण मोजतो. कोणी कोणाचं काही हिसकावत नाही. याउलट अंतराळातल्या साम्राज्यांचा ट्वायलाइट इम्पीरियम! आख्खा दिवस खातो, मान्य. पण आरमारं भिडतात, ठरावांवरच्या मतांचे सौदे होतात, तासाभरापूर्वी दिलेला शब्द बिनदिक्कत फिरवला जातो. त्यावरून पुढचे आठ दिवस टोमणे चालतात. गव्हावरून कोणी टोमणे मारतं का?

मेंढपाळ
मारतं की. अ‍ॅग्रिकोलात कामाच्या एका घरात फेरीला एकच सोंगटी बसते. चौथ्या फेरीअखेर पहिली सुगी. मोठ्या माणसाला दोन अन्न लागतं. जेवढं कमी पडेल तेवढी भिकेची कार्डं, प्रत्येकी उणे 3 गुण. तुमचं कोठार रिकामं असताना शेजारचा नेमका मासे साचलेल्या तळ्यावर जाऊन बसतो. बरं, त्याला मासे नकोच असतात, फक्त तुम्हाला मिळू द्यायचे नसतात. आता बोला.

पटवेडा
ही अडवणूक झाली. मला समोरासमोर लढाई हवी.

दानशूर
खरा फरक फाशांत आहे, लढाईत नाही. बेटावर वस्त्या वसवायच्या, क्लाउस टॉयबरच्या कटानमध्येही (1995) फासे आहेतच. पण तिथे आधी दान पडतं, मग आलेल्या विटा-लाकडाचं काय करायचं ते तुम्ही ठरवता. जग जिंकायच्या रिस्कमध्ये उलटं: आधी चढाई ठरवायची, मग फासे निकाल देणार. पहिल्यात नशीब अडचण घालतं, दुसऱ्यात केलेल्या बेतावर पाणी फिरवतं. मला पहिलं चालतं. (तरी 6 आणि 8 या जास्त वेळा पडणाऱ्या आकड्यांवर वस्त्या करून डावभर 11 पडताना पाहिलंय, तेव्हा जास्त बोलत नाही.)

मेंढपाळ
आणि रिस्कमध्ये लवकर बाद झालेल्याने काय करायचं? सगळ्यांसाठी चहा?

पटवेडा
तुमच्या युरोत बाद कोणी होत नाही, पण अर्ध्यातच कळतं की आपण हरलोय. तरी शेवटपर्यंत गाजरं लावत बसायचं. त्यापेक्षा चहा बरा.

कावेबाज
कुठल्या काळातलं भांडण करताय? शेती आणि लढाई दोन्ही असलेला साइथ (2016) बघा. अवजड लढाऊ यंत्रं आहेत, पण लढाईत फासा नाही. दोघं आपापल्या चकतीवर लपवून ताकद लावतात, जोडीला कार्डं, मग एकदमच उघडतात. हरलात तरी लावलेली ताकद गेलीच.

पटवेडा
खेळलोय. लढाई महाग म्हणून सगळे सीमेवर यंत्रं उभी करून शेतीच करतात. त्यापेक्षा रूट (2018) घ्या. जंगलातली मांजरं लाकूड जमवून करवती-कारखाने उभारतात, पण हल्ला झाला की फासे पडतातच, आणि मोठा आकडा सहसा हल्ला करणाऱ्याचा.

मेंढपाळ
म्हणजे कारखाने चालवलेले चालतात, फक्त कोणीतरी ते पाडायला आलं पाहिजे!

पटवेडा
हो. बरोबर तेवढंच.